कानाजवळचा अंगठा

मी रांगोळीत माणसांचे चेहरे काढते. दारापुढची ठिपक्यांची रांगोळी नव्हे. पंखा बंद करून, गुडघ्यांखाली वर्तमानपत्रं घालून, तीन दिवस ओणवं राहून काढलेलं व्यक्तिचित्र. दर दिवाळीत आमच्या हाटकेश भागातल्या एका शाळेत आमच्या मंडळाचं प्रदर्शन भरतं. लोक दोरीपलीकडून बघतात आणि म्हणतात, "अगदी फोटो काढल्यासारखी!" आमच्यात याहून मोठं कौतुक नाही. या एका वाक्यासाठी मी पंचवीस वर्षं कंबर मोडून घेतली आहे.

गेल्या दिवाळीत जवळच्याच पेणकरपाड्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या मावशींना काढलं. त्या पूर्वापार इथल्याच. मोबाइलवर त्यांचा फोटो घेतला आणि तो समोर ठेवून काम केलं. जड सोन्याने ओघळलेली त्यांची कानाची पाळी मला काही केल्या सापडेना. त्या एका कानावर अख्खी दुपार गेली, पण कान असा उतरला की मंडळातले जुनेजाणतेही वाकून बघून गेले. मावशींना रोज रांगोळी बघायला बोलावत होते. "येतंय गो, येतंय," म्हणायच्या, पण धंदा सोडून त्यांचं येणं झालं नाही.

आमच्या मंडळात एक रीत आहे. ज्याची रांगोळी त्यानेच पुसायची, आणि तीही डोळ्यांपासून. बघणाऱ्या चेहऱ्यावर झाडू फिरवायचा नाही. शेवटी सगळे रंग मिसळून मातकट भुकटी होते, ती डब्यात भरून ठेवायची, पुढच्या वर्षी खालच्या थराला लागते. मी मावशींचे डोळे पुसले, चेहरा पुसला, डबा भरला आणि घरी आले.

मुलीने त्या रांगोळीचा फोटो परदेशातल्या एका प्रदर्शनाला पाठवला होता. हाताने केलेल्या कलेचं प्रदर्शन. आठ दिवसांनी त्यांची मेल आली. चित्र पसंत आहे, पण आमच्या सॉफ्टवेअरला ते मशीनने बनवलेलं वाटतंय, तरी काम करतानाचा व्हिडिओ पाठवा.

"आई, शूटिंग केलं होतंस ना?"

कोण करणार शूटिंग? दोन्ही हात रंगात. माझ्याकडे पुरावा होता तो मातकट भुकटीचा डबा. म्हटलं, त्याचा फोटो पाठव. "आई, प्लीज," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

त्या रात्री माझा जो तिळपापड झाला तो अजून शांत झालेला नाही. तिकडे कोणीतरी खुर्चीत बसलाय, ज्याने जन्मात चिमूटभर रांगोळी बोटांतून सोडलेली नाही. त्याने स्वतः चित्र बघितलं असतं आणि नाकारलं असतं, तरी चाललं असतं. त्याने मशीनला विचारलं! मशीन म्हणालं, हे मशीनचं आहे. चार शब्द टाइप करून चित्रं पाडणारे मोकाट, आणि मी आरोपी. चोर सोडून संन्याशाला सुळी. बरं, या मशीनला चेहरे काढायला शिकवलं कोणी? आमच्यासारख्यांनीच हौसेने जगभर टाकलेल्या फोटोंनी.

पण मला त्या प्रदर्शनात जायचं होतं. खोटं कशाला बोलू? आजवर केलेलं सगळं मी माझ्याच हाताने पुसलंय. एक तरी चेहरा कुठल्यातरी भिंतीवर टिकावा, एवढंच हवं होतं.

मग सोफा आतल्या खोलीत गेला, ह्यांनी तीन दिवस ओट्यापाशी उभ्याने जेवण उरकलं, आणि मी हॉलमध्ये मावशींना पुन्हा काढलं. स्टँडवर मुलीचा मोबाइल चालू. तिसऱ्या दिवशी ती बघायला आली आणि तिचा चेहरा पडला.

"आई, खूपच परफेक्ट झालंय गं. व्हिडिओही हल्ली खोटे बनवतात. कुठेतरी हात दिसू दे ना."

मी तिला ताडताड बोलले. ती आत निघून गेली. तासाभराने मीच मोबाइलकडे न बघता अंगठा टेकवला, नेमका कानावर. पाळी फिसकटली.

आमची निवड झाली. त्यांनी कौतुकाने लिहिलं की कानाजवळ कलाकाराच्या हाताचा स्पर्श जाणवतो. ते चित्र मोठं छापून आता तिथल्या भिंतीवर लागणार आहे. मुलीने पेढे आणले, बिल्डिंगमध्ये वाटलेही.

मावशींना सांगायला बाजारात गेले. मोबाइलवर निवडलेलं चित्र दाखवलं. हात लुगड्याला पुसून त्यांनी मोबाइल जवळ धरला, आणि त्यांचा दुसरा हात आपल्याच कानाकडे गेला.

"ह्यो कान असा का गो? माजा फाटलेला हाय का?"

मला लाज वाटली. घाईघाईने पहिल्या रांगोळीचा फोटो उघडला. "मावशी, ही बघा. खरी ही काढली होती मी. ह्यातला कान बघा."

मावशींनी बघितलं. खूश झाल्या. शेजारणीला दाखवला. मग मोबाइल माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "ह्यो तर तू तवा मोबाइलवर काढलेला माजा फोटूच हाय. ह्यात तू काय केलंस? तू हातानं केलेलं ते, वाकड्या कानाचं."

"नाही हो मावशी, ही रांगोळी आहे."

"मंग दाखव चल. कुठं हाय ती?"