दादांचं एकाहत्तर किलो

माझे थोरले दीर चौतीस वर्षं वजनमापं तपासायच्या नोकरीत होते. दुकानात शिरायचं, काटा उचलून खालून बघायचा, पारड्याच्या बुडाशी चिकटवलेलं लोहचुंबक काढून दुकानदारासमोर ठेवायचं आणि अगदी हळू आवाजात विचारायचं, "हे आपलंच का?" निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, नजर मात्र अजून नोकरीवरच आहे. घरात आलेली कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय कपाटात जात नाही. परवा तीस मीटर म्हणून आणलेली दोरी त्यांनी अंगणात पसरून टेपने मोजली. एकोणतीस भरली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते तीस भरली असती तर नसतं.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी माझी उंची मोजली," माझ्या जाऊबाई सांगतात. मी त्यांना वहिनी म्हणते. "माहेरच्यांनी पाच फूट तीन सांगितली होती."

"मग?"

"पाच अडीच. अजून ऐकवतात."

दरवर्षी उन्हाळा लागला, तळ्यांवरचा गारठा ओसरला की दादा आणि आमचे हे, दोघे भाऊ, कॅनू घेऊन सहा दिवस रानात जातात. कॅनू म्हणजे दोघांनी वल्हवायची लांब, निमुळती होडी. ओळीने तीन तळी आहेत. एक संपलं की होडी डोक्यावर घ्यायची, झाडीतून चालायचं आणि पुढच्या तळ्यात सोडायची. मुक्काम तंबूत. गळाला मासा लागला तर मासा, नाहीतर नुसता भात. एकोणीस वर्षं हा नेम चुकलेला नाही.

तयारी महिनाभर आधी सुरू होते आणि तिचा मोठा दिवस म्हणजे वजनाचा रविवार. मागच्या खोलीत कार्यालयातून मोडीत निघालेला एक जुना काटा आहे, उभं राहून सरकतं वजन जुळवायचा. त्यावर तंबू, स्टोव्ह, तांदूळ, गळांची पेटी आणि शेवटी दोघे भाऊ, असं सगळं चढतं. कारण होडीत जड माणूस मागे बसतो आणि दिशा धरतो, हलका पुढे बसतो. उलट झालं तर नाक पाण्यात दबतं आणि वारा होडी हवी तशी फिरवतो. दादा कायम मागे. त्याचं आणखी एक कारण त्यांनीच मला सांगितलं होतं. "मागच्याला पुढचा दिसतो. पुढच्याला मागचा काय करतोय ते कधीच कळत नाही."

माझं अक्षर बरं म्हणून वहीत आकडे मी लिहिते.

"ह्या पिशवीत तुझी उशी आहे," दादा ह्यांना म्हणाले.

"नाही."

"आठशे ग्रॅम जास्त भरतायत."

"टॉवेल ओला असेल."

दादांनी पिशवी उघडून उशी बाहेर काढली आणि खुर्चीवर ठेवली. मग हे काट्यावर चढले. अडुसष्ट पूर्णांक चार. मग दादा, मासेमारीचं ते ढगळ, आठ खिशांचं जाकीट घालून.

"काढा की ते, किती उकडतंय," वहिनी म्हणाल्या.

"होडीत घालूनच बसणार आहे ना? मग घालूनच मोजायचं."

एकाहत्तर पूर्णांक शून्य. मी लिहिलं, आणि लिहिताना माझी नजर शेजारच्या पानावर गेली. गेल्या वर्षीही एकाहत्तर पूर्णांक शून्य.

तसं बघितलं तर यात काही नव्हतं. पण नोकरीतली एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. तपासणीत दोन वर्षं दशांशापर्यंत तोच आकडा आला, तर समजायचं की कुणीतरी तो घरी बसून भरलाय. खरं वजन इकडेतिकडे होतंच.

एकदा मनात किडा शिरला की शिरला. काट्यावरून उतरताना त्यांनी एकेक पाय जपून टेकवला होता, हातात भरलेल्या बादल्या असाव्यात तसा. जाकीट खुंटीला लावायला वहिनी पुढे झाल्या, तर "राहू दे, मी लावतो," म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःची छत्री कधी जागेवर ठेवली नाही, त्याने. पट्ट्याला एक नवं भोक दिसलं, खिळ्याने पाडलेलं, वेडंवाकडं. नकाशावर, दोन तळ्यांमधल्या चालीच्या जागी, दरवर्षी 'एक फेरी' लिहिलेलं असतं, म्हणजे होडी आणि सामान एकदमच उचलून न्यायचं. यंदा 'दोन' होतं.

"दोन फेऱ्या कशाला?" मी ह्यांना विचारलं.

"माझी पाठ दुखते म्हणून, असं दादा म्हणाला."

"दुखते का?"

"मला तरी काही कळलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी बाहेर गेल्या होत्या आणि दादा अंगणात होडीत पाणी भरून गळतेय का बघत होते. मी मागच्या खोलीत कात्री ठेवायला गेले. तिथे टेबलावर पितळी वजनांची पेटी असते, निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेली. आत लाल मखमल आणि प्रत्येक वजनाचा वेगळा खळगा. दादा दर आठवड्याला वजनं पुसतात, हातमोजे घालून. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची मला सवय नाही, पण त्या दिवशी मी झाकण उघडलं.

पाच किलोचं जागेवर होतं. दोन किलोची दोन्ही नव्हती. एक किलोचं नव्हतं. आणि खालच्या ओळीत दोनशे ग्रॅमचंही नव्हतं. त्या दोनशे ग्रॅमने मला सगळं सांगितलं. इतका काटेकोर माणूस, खोटंसुद्धा दशांशापर्यंत जुळवून केलेलं.

मी अंगणात गेले. दादा होडीच्या बुडाखाली कोरडा कागद फिरवत होते.

"दादा, पेटीतली चार वजनं कुठे आहेत?"

"पुसायला काढलीत."

"जाकिटात?"

त्यांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"वहिनीला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस. परत आलो की मीच सांगेन."

"सव्वापाच किलो कमी झालंय, दादा. कधीपासून?"

"पाच पूर्णांक दोन," ते म्हणाले. मग होडीच्या बुडावरून पुन्हा एकदा कागद फिरवला. "बाबांचंही असंच झालं होतं. आधी पट्टा, मग शर्ट. मग एकदा तपासायला नेलं आणि घरी आणलं ते बिछान्यावरच. मी म्हटलं, एकदा जाऊन येऊ. मग काय निघायचं ते निघू दे."

मी मऊ बोलले असते तर ते निसटले असते.

"आणि तुम्ही मागे बसणार? पुढे अडुसष्ट किलोचा तुमचा भाऊ, त्याला काही माहीत नाही. वारा सुटला मग?"

"वारा मी सांभाळला असता."

"दुकानदारही असंच म्हणायचे ना तुम्हाला?"

त्यांनी कागद खिशात घातला. मग आत गेले, जाकिटातली वजनं पेटीत ठेवून, जाकीट घालूनच काट्यावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "वही आण." पासष्ट पूर्णांक आठ. मी जुना आकडा खोडू लागले तर म्हणाले, "खोडू नकोस. बाजूला लिही. आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे."

वहिनींना त्यांनी संध्याकाळी स्वतःच सांगितलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "शर्ट धोब्याने सैल केले म्हणालात. मी महिनाभर त्या बिचाऱ्याशी भांडतेय."

रक्ताची तपासणी दोन ठिकाणी करावी लागली, कारण एकीवर दादांचा विश्वास नव्हता. डॉक्टरांच्या खोलीतल्या काट्यावर चढण्याआधी त्यांनी तो शेवटचा कधी तपासला ते विचारलं. डॉक्टरीणबाईंना सांगता येईना. दोन्ही अहवाल सारखे आले तेव्हा दादा जरा अस्वस्थच झाले. दशांश वेगळे आहेत हे बघून शांत झाले. थायरॉईड वाढला होता, बाकी काही नाही. गोळ्या सुरू करा, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू, नाडी ताळ्यावर आली असेल तर खुशाल जा, पण ओझं उचलायचं नाही. बाई बोलत होत्या तोवर वहिनींनी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

तीन आठवड्यांनी परवानगी मिळाली. निघण्याच्या आदल्या सकाळी गावाबाहेरच्या तळ्यात त्यांनी होडी सोडून पाहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दादा पुढे बसले होते. वहिनी आणि मी काठावर उभ्या होतो.

चार वल्ही मारली की ते मान वळवून मागे बघायचे आणि होडी डुचमळायची.

"दादा, पुढे बघ ना."

"बघतोय. तू उजवीकडून मारतोयस ना?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मला इथून दिसत नाही."

"नाहीच दिसणार," हे म्हणाले. "मला तरी कुठे दिसायचं?"

दादा पुन्हा वळले, पण अर्धेच. मग वल्हं पाण्यात घातलं. पलीकडच्या काठापर्यंत आम्ही दोघी मोजत होतो. आणखी दोनदाच वळले.