गाडी सुरू झाली, मन उतरलं

मंडळी, चार वर्षं गॅरेजमध्ये खपून उभी केलेली माझी जुनी मस्टँग गाडी आज पहिल्यांदा सुरू झाली. आता फक्त मागचा बंपर राहिलाय. आनंदात आपल्या या ईमेल ग्रुपमधल्या एका काकांना बघायला बोलावलं.

त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. "वेल्डिंगसुद्धा तूच केलंस?"

"हो काका, सगळं मीच."

"जमणारच! हातकाम तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं."

मी नागपूरचा, बौद्ध. वडील गणिताचे मास्तर. वेल्डिंग मी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला येऊन, क्लास लावून शिकलो.

तरी मी त्यांना चहासुद्धा दिला. त्याचाच जास्त राग येतोय.

काका, हा ईमेल तुम्हालाही येईल. तुम्हा लोकांच्या म्हणजे नक्की कुणाच्या, ते सगळ्यांसमोर सांगाल?