प्रशिक्षणाला कोण जाणार

परंड्याला मी कारकून म्हणून लागले तेव्हापासून आमच्या कार्यालयात एक रीत आहे. धाराशिवहून प्रशिक्षणाचं पत्र आलं, की ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याला पाठवायचं. तेव्हा असे एक भाऊसाहेब होते. कॉम्प्युटर आले, भाऊसाहेब गेले. ऑनलाइन अर्ज सुरू झाले, भाऊसाहेबच गेले. दर वेळी नवी पिशवी आणि प्रमाणपत्र घेऊन परत यायचे आणि मला म्हणायचे, "ताई, तेवढं जरा बघा की. तिथं लई भरभर सांगितलं."

मी बघायचे. चुकत, खिडकीपुढच्या लोकांची बोलणी खात शिकले. एकदा साहेबांना विचारलं, मला पाठवता का? ते म्हणाले, "तुम्ही गेल्यावर इथं कोण बघणार?" मला ते कौतुक वाटलं. त्या एवढ्याशा कौतुकावर मी वीस वर्षं काढली.

आता नावं मीच सुचवते. गेल्या आठवड्यात पुन्हा पत्र आलं. माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, सगळं काम तीच ओढते. ती टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, या वेळी मी जाऊ?" बाहेर रांग होती, माझं डोकं ठणकत होतं. मान वर न करताच मी म्हणाले, "तू गेल्यावर इथं कोण बघणार गं?"

ती खूश होऊन हसली. हसतेस काय, भांड की माझ्याशी, असं मनात आलं. आणि समोर जो रिकामा बसला होता, त्याचं नाव मी लिहून टाकलं.