सुईचं टोक

नातीने पेपरातली बातमी वाचून दाखवली, "किरकोळ तांत्रिक कारणाने उपग्रहाचं उड्डाण एकोणीस दिवस पुढे." किरकोळ म्हणे! ते किरकोळ कारण म्हणजे माझी धाकटी नणंद. एकतीस वर्षं ती उपग्रहांची पांघरुणं शिवते, आणि पेपरवाल्यांनी तिला दोन शब्दांत गुंडाळलं.

मी या घरात आले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि माझ्या स्वयंपाकघरातले चमचे मोजायची. "वहिनी, काल बारा होते, आज अकराच." असा राग यायचा! पण कारखान्यात याच खोडीपायी तिला कामावर घेतलं. उपग्रहाला वर एका अंगाने ऊन भाजतं, दुसरं अंग गारठतं, म्हणून त्याला सोनेरी-चंदेरी पापुद्र्यांचं पांघरूण लागतं. वीस वीस थर, आणि कोपरे हाताने शिवायचे. सकाळी सुया मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून परत द्यायच्या. सुई मोडली तर तिचा तुकडा न् तुकडा वहीत चिकटपट्टीखाली लावायचा आणि सही करायची. लोखंडाचा कण वर तरंगत राहिला आणि विजेच्या तारांमध्ये शिरला, तर सगळंच संपलं. वर जाऊन कोण शोधणार?

आता या वेळची गंमत ऐका. कंपनीने आधी गिऱ्हाइकांना उड्डाणाची तारीख देऊन टाकली आणि मग शिवणखात्याला विचारलं, किती दिवस लागतील. म्हणजे लग्नाची तारीख ठरवायची आणि मग नवरा शोधायला निघायचं! नणंदेने दहा दिवस सांगितले. फळ्यावर साहेबांनी लिहिलं, सहा. या साहेबांना खात्यात सगळे घड्याळसाहेब म्हणतात, कारण माणसाशी बोलताना त्यांची नजर मनगटावर असते. उड्डाणाला सकाळची पाऊण तासाची वेळ मिळालेली. ती चुकली की त्याच तळावर दुसऱ्या कंपनीच्या रॉकेटची पाळी, आणि आपण बसायचं एकोणीस दिवस.

सहाव्या दिवशी, उपग्रहावर शेवटचा कोपरा टाचताना सुई मोडली. दोन तुकडे हातात आले. नव्या सुईशेजारी ठेवून पाहिले तर टोक नाही. तिळाहून बारीक. तिने जमीन पाहिली, हातमोजे उलटे केले, केर चाळला. मग साहेबांना सांगितलं.

"अहो ताई, पडलं असेल कुठेतरी. परवा उड्डाण आहे!"

"तारीख तुम्ही दिलीत साहेब. सुईने नाही दिली."

साहेबांनी आवाज खाली आणला. "असं करा, दुसरी सुई मोडा. तिचं टोक लावा वहीत. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

आणि तिने वहीत लिहिलं, 'टोक सापडलेलं नाही,' खाली सही केली. तशी नोंद असली की उपग्रहावर रॉकेटचं टोपण बसवता येत नाही. साहेबांनी तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं.

भर दुपारी तिला दारात पाहून मी थट्टेने म्हटलं, "काय गं, काढून टाकलं की काय?"

"बहुतेक." एवढंच बोलून ती ओट्यापाशी गेली. थोड्या वेळाने म्हणते, "वहिनी, एक चमचा कमी आहे."

"मरू दे तो चमचा!"

"मरू दे म्हणून कसं चालेल?"

शेजारणीकडे दिलेल्या डब्यात तो गेला होता, ते मला संध्याकाळी आठवलं.

तिकडे उपग्रहाच्या मालकांकडून एक इंजिनियरबाई आल्या होत्या. टोपण बसवण्याआधी त्या सगळ्या वह्या स्वतः वाचतात. त्यांनी ती ओळ वाचली आणि पांघरूण उतरवायला लावलं. पांघरुणाच्या तिसऱ्या तुकड्याच्या घडीत, दोन थरांच्या मध्ये, टोक सापडलं. तारांच्या जुडग्यापासून चार बोटांवर.

मला वाटलं, आता तिला गाडी पाठवून बोलावतील. आलं पत्र! 'आपल्या निष्काळजीपणामुळे उड्डाण लांबले. हे मान्य असल्याची सही करून आठ दिवसांत कामावर यावे, अन्यथा सेवा संपली असे समजावे.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी दहाचे सहा केले ते काळजी घेणारे, आणि ही निष्काळजी!

आमचे हे तिला समजवायला बसले. "कर गं सही. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. कशाला वाकड्यात शिरतेस?"

"दादा, सुई माझ्या हातून मोडली हे खरं. निष्काळजीपणा खोटा. खोट्याखाली सही करायची असती तर टोकच नसतं का चिकटवलं?"

तिने पत्राखाली तेवढंच लिहिलं, सुई मोडली हे मान्य, बाकीचं नाही, आणि परत धाडलं. मग चार दिवस ती ना नीट जेवली ना कोणाशी भांडली. ती भांडत नाही म्हटल्यावर मला धडकीच भरली.

पाचव्या दिवशी फोन आला. उतरवलेलं पांघरूण परत शिवून झालं होतं, पण इंजिनियरबाई अडून बसल्या होत्या, 'ज्या बाईने ती ओळ लिहिली तिची सही असल्याशिवाय टोपण बसणार नाही.' तेव्हा कुठे हिची आठवण झाली. गेली. प्रत्येक टाका तपासला, दोन उसवून परत घातले, मग सही केली. माफीचा शब्द कोणी काढला नाही. ते पत्र अजून हिच्या फायलीत आहे, रद्द केलेलं नाही.

उड्डाण छान झालं. टीव्हीवर घड्याळसाहेब हार घालून सांगत होते, "आमच्या काटेकोरपणाचं हे यश." मी टीव्हीच बंद केला. नणंद म्हणाली, "अहो वहिनी, बघू द्या की, अजून वर जातंय ते."

गेल्या सोमवारी फळ्यावर पुढच्या उपग्रहाची तारीख लागली. शिवण, सहा दिवस. हिने सगळ्यांदेखत सहा पुसले आणि दहा लिहिले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, फळा पाहिला आणि निघून गेले. दहा तसेच आहेत.

मी असते तर पंधरा लिहिले असते.