धक्क्यावरची पिवळी रेघ

आमच्या बंदराच्या धक्क्यावर काल कोणीतरी पिवळी रेघ ओढून गेले. सहलीच्या मोठ्या जहाजात चढण्यासाठी आता मुंबई गाठायला नको, प्रवाशांना आपलेही बंदर निवडता येईल, रेघेपलीकडे त्यांची रांग लागेल, असे सरपंच सांगत होते. "तात्या, आपल्याकडून पहिल्यांदाच प्रवासी जहाज सुटणार!"

पहिल्यांदाच? हे मला साफ अमान्य आहे. माझ्या तरुणपणी याच धक्क्यावरून पडावात बसून आम्ही खोल पाण्यातली आगबोट गाठत असू. निघणारा 'येतो' म्हणे, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत काठावरचे कोणी पाठ फिरवत नसे. पुष्कळ जण परत आले नाहीत, पण बंदर तेव्हा निरोप देणाऱ्यांचेही होते.

म्हणूनच या रेघेचा मला संशय येतो. निघणाऱ्यांसाठी निवड वाढली असेल. इथेच राहणाऱ्यांना कोणी काय विचारले? रेघेपलीकडे, समुद्राच्या बाजूला, रुक्मिणी कोळीण वर्षानुवर्षे जुन्या जाळ्यावर बांगडे वाळवते. आज ते जाळे अलीकडे, कुंपणाच्या सावलीत पडले होते. सावलीत मासळी वाळत नाही, कुजते.

"तुला हलायला कोणी सांगितले?" मी दरडावून विचारले.

"कोणी सांगूक नाय, तात्यानू. रेघ बघितलंय नि सरकलंय."

जहाज अजून क्षितिजावरही नाही, आणि जागा मात्र रिकामी झाली होती. मी वाकून जाळ्याचे एक टोक उचलले.

"दुसरे तू धर," मी म्हणालो.