मालनकडची तीन कुत्री

भांडुपच्या डोंगराला टेकलेल्या चाळीत मालनची खोली अगदी शेवटची. शेवटच्या खोलीचं सुख एकच, मागच्या दारी चार पावलं मोकळी जागा मिळते. त्या जागेत मालननं तुळस लावली, अळू लावलं आणि तीन वर्षांत तीन कुत्री पुरली. अळूची पानं शेजारणी हक्कानं मागून न्यायच्या, पण कुत्र्यांचं नाव काढलं की नाकं मुरडायच्या. मुरडेनात का! मालनला तिघंही तोंडपाठ होती.

त्याला कारण मुलुंडच्या कुंदाताई. बँकेत नोकरी, लग्नाच्या भानगडीत पडलेल्या नाहीत, आणि रविवार आला की प्राण्यांच्या दवाखान्यात फुकट राबायचं. गिरणीचा संप चिघळला आणि नवरा जयवंत घरी बसला, तेव्हा मालन त्यांच्याकडे पोळ्या करायला जाऊ लागली. एक दिवस कुंदाताई चाचरत म्हणाल्या, "मालनताई, दवाखान्यात जागा नाही हो. एक कुत्री चार दिवस सांभाळाल?"

ती सोनी. ट्रकखाली मागचे पाय गेलेले. भांड्यात वाढलं तर ढुंकून बघायची नाही, मालनच्या हातचाच घास लागायचा. एकोणीस दिवस जगली. मग आला बाजी. म्हातारा, दोन्ही डोळे गेलेले, पण जयवंतनं बिडी पेटवली की बरोबर त्याच्याकडे तोंड करून शिंकायचा. "मेल्याला माझी बिडी खुपते," म्हणत जयवंत बाहेर जाऊन ओढायचा. तिसरी चंपी, तळहाताएवढं पिल्लू. झटके यायचे. मालनच्या चपलेत तोंड खुपसून झोपायची, आणि तशीच गेली. त्या दिवशी मालन अनवाणी पाणी भरायला गेली. चपलेला हात लावायचा धीर झाला नाही.

सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांनाही पान वाढतात. मालन आधी घरच्यांचं पान ठेवायची, मग मागच्या दारी दूधभाताचे तीन घास ठेवून नावं घ्यायची. सोनी, बाजी, चंपी. शेजारच्या रत्नप्रभेनं ते पाहिलं मात्र, पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"काय गो, कुत्र्यांची श्राद्धं घालतेस? उद्या ढेकणांची बारशी कर!"

"तुला बोलवीन हो पाळण्याची दोरी धरायला," मालननं ठणकावलं. पण आत येऊन ती रडली. हसण्याचं दुःख नव्हतं तिला. तिच्या मनानं घेतलं होतं की आपल्या हाताला यश नाही. तीन आली, तीन गेली. दुसरीकडे ठेवली असती तर जगली असती. आपण त्यांना घरात घेतलं आणि मारलं.

म्हणून दिवाळीनंतर कुंदाताई पिशवीत एक काळं पिल्लू घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मालननं कानाला खडा लावला. "नको ताई. माझ्याकडे नको. मरेल ते."

पिल्लानं पिशवीतून तोंड बाहेर काढलं. डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, आणि तशातही शेपटी हलवतंय. आता काय करणार? मालनला एकदम आपला थोरला भाऊ आठवला. आईची आधीची दोन मुलं दगावली, म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला शेजारणीला मूठभर कोंड्यावर विकलं. कोकणातल्या गावची रीतच तशी. मूल आईचं राहिलं नाही की यमाचा पत्ता चुकतो. नाव पडलं कोंडू. वाकोल्याला असतो, चाळिशी उलटली, अजून ठणठणीत.

मालननं सरळ रत्नप्रभेचं दार वाजवलं. "रत्ना, चाळणीतला मूठभर कोंडा दे, आणि हे पिल्लू विकत घे."

रत्नप्रभा कोकणातलीच. तिला समजावून सांगावं लागलं नाही. आधी चार शिव्या हासडल्या, मग गुपचूप कोंडा आणून मालनच्या पदरात घातला. "घेतलं. आता हे माझं. पण शी-शू तू काढायची हां!"

नाव अर्थातच कोंड्या. मालन त्याला पेज पाजायची, डोळे धुवायची, आणि दर वेळी मोठ्यानं म्हणायची, "रत्नाचं आहे हो, माझं नाही." यमाला ऐकू जायला नको? आठवडा गेला, महिना गेला. कोंड्या उभा राहिला, धावला, आणि रत्नप्रभेचा वाळत घातलेला परकर ओढत चाळभर फिरला. तिनं लाटणं घेऊन पाठलाग केला, पण कुणी म्हणालं, "देऊन टाका ना कुणाला," तर तेच लाटणं तिनं बोलणाऱ्यावर उगारलं. "माझा कुत्रा आहे! तू कोण सांगणारा?"

सगळी चाळ हसली. मालननं मात्र मनाशी हिशोब मांडला. रत्नाच्या नावावर होता म्हणून जगला. म्हणजे ती तिघं खरंच आपल्यामुळे गेली.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता तिनं कुंदाताईंना सांगून टाकलं. "ह्यापुढे माझ्याकडे आणू नका. माझा हातच वाईट."

कुंदाताई खुर्ची ओढून समोर बसल्या. "मालनताई, चूक माझी आहे. मी तुमच्यापासून लपवलं. जी जगणार, ती दवाखान्यात ठेवून घेतात. डॉक्टरांनी ज्यांची आशा सोडली, तीच मी तुमच्याकडे आणत होते. लादीवर एकटी मरू नयेत म्हणून. सांगितलं असतं तर तुम्ही घेतली नसती, असं वाटलं मला."

मालनचं लाटणं थांबलं. "चंपी पण?"

"चंपी पण. आणि कोंड्यासुद्धा. तो रविवार बघणार नाही, म्हणाले होते डॉक्टर. रत्नप्रभाबाईंनी कोंडा दिला हो, पण पेज कुणी पाजली?"

मालनचा संताप संताप झाला. "तीन वर्षं, ताई! तीन वर्षं मी स्वतःला खुनी समजत होते! एक शब्द बोलता आला नाही तुम्हाला?" तवा उतरवून, पिठाचे हात तसेच घेऊन ती निघून गेली. त्या दिवशी मुलुंडात अर्ध्याच पोळ्या झाल्या.

चार दिवस ती कामावर गेली नाही. मागच्या दारी बसून राहिली. पण आता रडू येत होतं ते निराळं. सोनीला हातचा घास मिळाला, बाजीला शिंकायला बिडी मिळाली. आपल्याकडे आली म्हणून मेली नाहीत ती. मरायचीच होती, तेवढे दिवस आपल्याकडे जगली.

पाचव्या दिवशी चाळीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. कुंदाताई उतरल्या, हातांत चादरीत गुंडाळलेला एक तांबूस म्हातारा कुत्रा. त्या दारातच थांबल्या, आत येईनात.

"ह्या वेळी सगळं सांगून विचारते," त्या म्हणाल्या. "पोटात गाठ आहे. आठ दिवस, फार तर. नाही म्हणालात तरी चालेल."

रत्नप्रभा बाहेर आली होतीच. "आणू काय गो कोंडा?"

"नको," मालन म्हणाली. "हा माझा."

तिनं चादरीसकट कुत्र्याला उचलून घेतलं, त्याचं तोंड आपल्या खांद्यावर ठेवलं आणि आतल्या जयवंतला हाक मारली.

"अहो, बाजारात जाऊन बांगडे आणा. आठच दिवस आहेत, रोज करायला हवेत."