धावड्यात कोणाची?

माझा नवरा तमिळ. आमचा संसार चेन्नईत, इंग्रजीत चालतो. लग्नानंतर दुसऱ्यांदाच त्याला माहेरी, धावड्याला नेत होते. जाफराबाद सोडल्यावर गाडी पंक्चर झाली. तो चाक बदलत होता, तेवढ्यात शेळीमागं पळणारी एक चिमुरडी आमच्यासमोरच सडकेवर आपटली. गुडघा फुटला. त्यानं तिला उचलून गाडीत बसवलं आणि बाटलीतल्या पाण्यानं जखम धुवायला घेतली.

पोरं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर होती. आम्हाला ती ठाऊक नव्हती.

आधी एक मोटारसायकल थांबली, मग तीन-चार. बघता बघता आमच्याभोवती वीसेक माणसं झाली. कुणीतरी गाडीची किल्ली काढून घेतली. नवरा घाबरला आणि घाबरल्यावर इंग्रजी विसरून तमिळच बोलायला लागला.

"काय बडबडून राह्यला ह्यो?" एकानं त्याची कॉलर धरली.

"अहो, ते माझे मिस्टर आहेत. मुलीला लागलं म्हणून त्यांनी..." मी म्हणाले.

"मराठी तर पुण्याकडची हाय. बराबर शिकून आलेत दोघं."

कॉलेजात चेष्टा झाली म्हणून मी आईची बोली टाकून दिली होती. त्या क्षणी ती आपोआप तोंडात आली. "काका, सोडा त्याह्यला! म्या हितलीच हाय. धावड्याची. पोरगी पडल्ती, म्हणून उचललं."

कॉलरवरचा हात ढिला झाला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "धावड्यात कोणाची?"

आडनाव सांगितलं की घर कळतं, आळी कळते, जात कळते. परकी म्हणून मार बसेल, की आमच्या आळीची म्हणून बसेल, काही उमजेना. नवरा माझ्याकडं बघत होता. मी वडिलांचं नाव सांगितलं, आडनावासकट. वर म्हणाले, "विहाराजवळ घर हाय."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला.

तेवढ्यात कापसाच्या वावरातून पोरीची आई धावत आली. तिनं लेकीला छातीशी धरलं आणि विचारलं, "काय केलं गं यायनं?"

"म्या पडले. ह्या मामानं पाणी लावलं," पोरगी म्हणाली.

किल्ली परत मिळाली. "ताई, दिवस खराब हायेत. राग मानू नका," देणारा म्हणाला. नवऱ्यानं सगळ्यांना हात जोडले. मग त्यानं अर्धवट राहिलेलं चाक बसवलं.

घरी पोचल्यावर त्यानं विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं असं काय विचारलं, की तू पांढरी पडलीस?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, हे तुझं गाव आहे. इथं तरी तुला भीती नसेल."

आता आम्ही एसटीनं जातो. "मी धावड्याचा जावई आहे," हे वाक्य त्यानं पाठ केलंय. चेन्नईत तो ते म्हणतो तेव्हा मी हसते. पण जाफराबादला बस थांबली, माणसं चढायला लागली, की मी हळूच त्याचा हात दाबते. बोलू नकोस.